चाळीस तारांचं चाक

नुकसान किती झालं होतं ते सोमवारी संध्याकाळी कळलं. रविवारी सायकल खड्ड्यात आदळली तेव्हा मागचं चाक वाकडं झालेलं सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण वाकडं म्हणजे किती, हे मालोजी अण्णांनी चाक सायकलीतून काढून, दोन्ही हातांनी आसाला धरून फिरवलं तेव्हा दिसलं. अर्धा फेरा उजवीकडे झोकांडी, अर्धा फेरा डावीकडे, आणि मग ते थांबलंच.

"चाकाचा आठ झालाय," मालोजी अण्णा म्हणाले. "सहा तारा तुटल्यात. आणखी चार आहेत, पण नुसत्या नावाला."

दुकान जे. पी. नगरमधलं, एका बेकरीच्या शेजारचं. मालोजी अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि दुकानात दोन्ही. दुकानात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर अक्षरा बसली होती. कोपराला पट्टी बांधलेली, मांडीवर घडी केलेली पांढरी काठी.

"इकडे द्या अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी चाक तिच्या हातात दिलं. अक्षरा जन्मापासून आंधळी होती. तिने चाक गुडघ्यांवर उभं धरलं आणि रिमवरून बोटं फिरवत नेली. घाई नव्हती. भाजी निवडताना एखादी बाई जशी प्रत्येक काडीपाशी क्षणभर थांबते, तशी ती थांबत होती.

"इथं पोट आलंय," ती म्हणाली. "आणि इथं समोरासमोर खाली बसलंय. बरोबर?"

"बरोबर अक्का. मला चष्मा लावून दिसलं ते."

ईशान भिंतीला टेकून हे बघत होता. 

सायकल दोन सीटची होती. पुढे डोळस माणूस बसतो, हँडल आणि ब्रेक त्याच्याकडे. मागे न दिसणारा. पेडल दोघं मिळून मारतात. शहरातल्या एका क्लबकडे अशा चार सायकली होत्या आणि दर रविवारी चार जोड्या निघायच्या. गेले सात महिने ईशान पुढे आणि अक्षरा मागे, अशी एक जोडी होती. आणखी तेरा दिवसांनी क्लब मैसूरला जाणार होता. एका दिवसात, जुन्या रस्त्याने, जवळजवळ दीडशे किलोमीटर. गेल्या वर्षी अक्षराचा पुढचा माणूस आदल्या आठवड्यात नोकरी बदलून हैदराबादला गेला आणि तिचं मैसूर राहिलं. त्या दिवशी घरी बसून तिने काय केलं ते तिने ईशानला एकदाच सांगितलं होतं. सबंध दिवस फोनवर बाकीच्यांचे निरोप ऐकले होते, कोण कुठवर पोचलं त्याचे.

"दुरुस्त होईल का?" तिने विचारलं.

"दोन वाटा आहेत," मालोजी अण्णा स्टुलावर बसले. "नवीन रिम मागवायची. ही साधी सायकल नाही, हिच्या चाकाला चाळीस तारा. चाळीस भोकांची रिम इथं मिळत नाही, बाहेरून येते. सहा आठवडे. नाहीतर हीच ओढून सरळ करायची, तुटलेल्या तारा नव्या घालायच्या, आउट, म्हणजे ही झोकांडी, काढायची. आठवड्यात देतो." मग त्यांनी ईशानकडे पाहिलं. "पण सार, आधी सांगा, आदळलं कसं? सरळ आत गेलं, की वळवताना?"

"त्याने... काय फरक पडतो?"

"सगळा फरक. वळवताना आडवं लागलं तर तारा जातात, रिम वाकते, ओढून सरळ होते. सरळ वेगात आत गेलं तर भोकांपाशी बारीक चीर पडते. रंगाखाली असते, दिसत नाही. तशी रिम सरळ करून दिली तर दिसायला छान, आणि पन्नास-साठ किलोमीटरवर फुटते. वर दोघं असताना."

 शेजारच्या बेकरीतून पावाचा वास येत होता.

"ऑटो आडवा आला होता," ईशान म्हणाला. "मी एकदम वळवलं."

हेच तो रविवारी रस्त्यावर म्हणाला होता, क्लब चालवणाऱ्या गौरीला. एकदा म्हटल्यावर ते पुन्हा म्हणावं लागलं, एवढंच. अक्षराने मान किंचित कलती केली. ऐकताना ती नेहमीच तशी करायची.

"मग सरळ होईल," मालोजी अण्णा म्हणाले.

"पण मला वाटतं आपण नवीनच मागवू," ईशान घाईने म्हणाला. "म्हणजे... रिस्क कशाला?"

"अण्णा म्हणतायत होईल."

"तरी पण."

"तरी पण काय? कारण सांग." अक्षराचा आवाज शांत होता. "तुला यायचं नाहीये का मैसूरला?"

"यायचंय. अक्षरा, खरंच यायचंय."

"मग कारण सांग."

ईशानने वाकड्या रिमकडे पाहिलं. एका सरकारी संशोधन संस्थेत तो मशिनांचे हादरे मोजायचं काम करायचा. आकडे, आलेख, अहवाल. कारण सांगणं हेच त्याचं काम होतं.

"सरी, ठीक," अक्षरा उठली. "अण्णा, दुरुस्त करा."

*

त्यांची गाठ पडली तीही एका सायकलीमुळेच, पण ती ईशानची साधी सायकल होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी कब्बन पार्कात त्याची चेन उतरली आणि तो रस्त्याच्या कडेला बसून ती चढवत होता. तेव्हा गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. ती गौरी. तिचा एक माणूस आला नव्हता. ईशानला उतारावर नीट ब्रेक लावता येतो का, डावं-उजवं कळतं का आणि सकाळी दोन तास मोकळे आहेत का, असे तीन प्रश्न तिने विचारले. तिन्हींचं उत्तर हो होतं.

दहा मिनिटांनी तो दोन सीटच्या सायकलीवर पुढे होता. मागे एक मुलगी होती. तिचं नाव अक्षरा, एवढंच त्याला माहीत होतं.

त्या सायकलीचा नियम एकच होता. पुढच्याने सगळं मोठ्याने सांगायचं. खड्डा, हंप, वळण, थांबतोय, गिअर बदलतोय. मागच्या माणसाने सांगितलेल्यावर विश्वास ठेवायचा. ईशान इंग्रजीतून सांगत होता. बंप. लेफ्ट. स्लोइंग. तेवढ्यात याही सायकलीची चेन उतरली.

"च्यायला," तो पुटपुटला.

"अय्यो," मागून आवाज आला. "तुम्ही मराठी का?"

"सॉरी. माफ करा, तोंडातून गेलं."

"माफी कशाला? आमची माणसं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली. हा शब्द बहुतेक वाटेतच सांडला. पुन्हा म्हणा बघू."

ईशानला पुन्हा म्हणता आलं नाही, हसू येत होतं. चेन चढली, सायकल निघाली.

"आता हा वास कसला?" तिने विचारलं.

"डावीकडे चाफा आहे. खाली फुलं पडलीत."

"किती?"

"मोजू?"

"मोजा."

"आणि पेडल कोण मारणार?"

"मी मारते. तुम्ही मोजा."

तिने खरंच पेडलवर जोर दिला, इतका की त्याचे पाय नुसते बरोबर फिरू लागले. त्याने सदतीस फुलं मोजली. आकडा ऐकून ती म्हणाली, "अडतीस असतील. एक तुमच्या चाकाखाली गेलं, मला आत्ता वास आला."

तो पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी ती तुम्हीवरून तूवर आली. कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. इंग्रजी तर दुसऱ्याच रविवारी संपलं होतं. आता तो म्हणायचा, "खड्डा, उजवीकडे, बारका." ती म्हणायची, "बारका म्हणजे? वाटीएवढा की परातीएवढा?" तो म्हणायचा, "एक बाई कुत्र्याला फिरवतेय. नाही, कुत्रा बाईला फिरवतोय." ती मान मागे टाकून हसायची. सात महिन्यांत ईशानने हे शहर जितकं पाहिलं तितकं आधीच्या चार वर्षांत पाहिलं नव्हतं. सांगायचं असलं की बघावं लागतं.

आणि ती काय काय ओळखायची. त्याचे पाय थकले की तो म्हणायच्या आधी तिला कळायचं आणि तिकडून जोर वाढायचा. तो कामाच्या विचारात असला की म्हणायची, "आज तू ऑफिस घेऊन आलायस, वजन लागतंय." कोरमंगल्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती काम करायची. न दिसणाऱ्यांना एखादं ॲप वापरता येतं का, ते तपासायचं. तिथल्या मोठमोठ्या इंजिनिअरांना ती गोड आवाजात सांगायची, "स्वल्प डोळे मिटून वापरून बघा ना." बिचारे पहिल्याच पानावर अडकून बसायचे. तिला कुणाची कीव चालायची नाही, आणि ती दुसऱ्या कुणाची करायचीही नाही. ईशानला वाटायचं, हिच्यासारखं सरळ चालणारं माणूस आपण पाहिलेलं नाही. हे तिला सांगायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.

अडचण अशी की ती नेहमी त्याच्या पाठीमागे असायची.

हँडलच्या डाव्या टोकाला अंगठ्याएवढा आरसा होता, मागची वाहनं दिसावीत म्हणून. एका रविवारी तो आरसा थोडा आत वळला. पुढच्या रविवारी आणखी थोडा. पावसाळा सरत आला तेव्हा त्या आरशात एकही वाहन दिसत नव्हतं.

सायकल आदळली त्या रविवारीही तेच. पहाटे भुरभुर पाऊस होऊन गेला होता. रस्ता ओला आणि रिकामा होता. ऑटो नव्हता, काहीच नव्हतं. उतार लागला तशी अक्षराने दोन्ही हात हँडलवरून काढले, क्लिप दातांत धरली आणि केस वर घेऊन बांधू लागली. तीस किलोमीटरच्या वेगात, काही न दिसता, दोन्ही हात डोक्यावर. तिच्या चेहऱ्यावर एवढी निश्चिंती होती की ईशान ती बघतच राहिला.

खड्डा समोर होता, चांगला परातीएवढा.

*

बुधवारी मालोजी अण्णांचा फोन आला. तारा ताणायला दुसरे दोन हात लागतील, कोणी येता का? ईशान ऑफिसातून सरळ आला. बघतो तर अक्षरा आधीच येऊन बसलेली. चाक दोन लोखंडी खांबांमध्ये अडकवलं होतं. अण्णा किल्लीने एकेक तार आवळत होते आणि अक्षरा नखाने तार छेडून ऐकत होती.

"ही ढिली," ती म्हणायची. "हिच्या शेजारची चालेल. ही फार ताणली, अण्णा, रडतेय."

"तू गाणं शिकलीयस का?" ईशानने विचारलं.

"नाही. आंधळ्या मुलीला गाणं शिकवायचंच असं घरच्यांनी ठरवलं होतं. मी सहा महिन्यांत बाईंना पळवून लावलं."

ईशानने फोन काढला. आवाजाची कंपनं मोजणारं एक ॲप त्याच्याकडे होतं. त्याने फोन तारेजवळ धरला.

"काय म्हणतोय तुझा फोन?"

"थांब, ॲप लोड होतंय."

"होऊ दे. तोवर माझ्या आठ झाल्या."

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे हसले, आणि मग किल्ली हातात धरून तसेच बसले.

"महानंदा तारा ओवायची, मी ताणायचो," ते म्हणाले. "माझी बायको. समोरासमोर बसायचो आम्ही, चाक मध्ये. ती गेली, उगादीला वर्ष झालं. तेव्हापासून चाक बांधलंच नाही मी. तयार आणतो आणि बसवतो. आज तुम्ही दोघं आहात म्हणून हात लावला."

अक्षराने त्यांच्याकडे हात केला. अण्णांनी त्या हातात पुढची तार दिली.

"एक गोष्ट तिला सांगायची होती. बारीकशीच. आज सांगू, उद्या सांगू... राहिली."

"काय होती अण्णा?" ईशानने विचारलं.

"ती तिला सांगायची होती, सार. तुम्हाला सांगून काय उपयोग?"

त्यांनी किल्ली पुन्हा तारेला लावली. चाक आता बरंचसं सरळ झालं होतं. दिसायला छान. ईशानला ते फिरताना दिसत होतं, आणि त्याला दुसरंही दिसत होतं. मैसूरचा रस्ता, उन्हं चढलेली, मागे अक्षरा, दोन्ही हात डोक्यावर.

"अण्णा, थांबा," तो म्हणाला. "पुढची तार ताणू नका."

"का हो?"

"ऑटो नव्हता. मी वळवलं नाही. आपण... चाक सरळ आत गेलं. पूर्ण वेगात. ब्रेकसुद्धा नाही लावला मी."

मालोजी अण्णांनी किल्ली खाली ठेवली. अक्षराचं बोट तारेवर होतं, तिथेच राहिलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"ईशान, मी त्या सायकलीवर होते. तू हँडल बोटभर वळवलंस तरी माझी कंबर वळते. त्या दिवशी आपण सरळ गेलो. रेघ मारल्यासारखे सरळ."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. सोमवारी अण्णांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. मग म्हटलं दुरुस्त करा, आता तरी बोलेल. मंगळवारी ऑफिसात फोन हातात धरून बसले होते."

"आणि मी आजही बोललो नसतो तर?"

"तर निघताना मीच अण्णांना सांगितलं असतं. फुटक्या चाकावर बसायची हौस नाही मला." ती थांबली. "पण मग तुझ्या मागेही पुन्हा बसले नसते."

ईशानने फोन खिशात ठेवला.

"आता दुसरं सांग. खड्डा मोठा होता, रस्ता रिकामा होता. कुठे बघत होतास?"

"आरशात."

"मागून काही येत होतं?"

"नाही."

"मग आरशात काय होतं?"

मालोजी अण्णांनी एकदम पॉलिश पेपर शोधायला घेतला. तो त्यांच्या खिशातच होता, पण ते फळीवरचे डबे हलवत राहिले.

"तू," ईशान म्हणाला. "केस बांधत होतीस. क्लिप दातांत होती... आरसा मीच आत वळवलाय. आज नाही, कधीचा. दर रविवारी थोडा थोडा."

अक्षराने तारेवरचं बोट काढलं. तिचे कान लाल झाले होते, पण चेहरा हसरा नव्हता.

अण्णा पॉलिश पेपर घेऊन आले आणि रिमच्या भोकांवरचा रंग घासू लागले. पहिलं भोक, दुसरं, पाचवं. अकराव्यापाशी थांबले. चष्मा वर केला, पुन्हा घासलं. केसाएवढी बारीक चीर होती, भोकापासून कडेपर्यंत. चौदाव्यापाशी आणखी एक.

"रिम गेली," ते म्हणाले. "मधला हब चांगला आहे. नवीन रिम मागवतो."

"सहा आठवडे," अक्षरा म्हणाली.

"हो अक्का."

तिने काठी उघडली. "मला एक ऑटो बोलावून दे, ईशान."

ऑटो येईपर्यंत दोघं बेकरीसमोर उभे राहिले. ईशान दोनदा सॉरी म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "खड्डा कुणाचाही चुकतो. मी तेवढ्यासाठी रागावले नसते. पण तू सांगतोस ते मी खरं धरते. माझ्याकडे दुसरं काही नाही तिथे मागे. तीन दिवस तू मला खोट्या रस्त्यावर बसवलंस."

"हो," ईशान म्हणाला. 

ऑटो आला. त्याने दाराची कड सांगितली, तिने हाताने शोधली आणि बसली.

"आणि ते आरशाचं," ती म्हणाली. वाक्य पुरं केलं नाही. "सरी. येते."

*

त्याच दिवशी ईशानने गौरीला फोन करून सगळं सांगितलं. आरशाचंही सांगितलं. गौरी म्हणाली की तीन महिने त्याने पुढे बसायचं नाही, आणि मैसूरच्या दिवशी सामानाचा टेम्पो चालवायला कोणीतरी हवंच आहे. ईशान हो म्हणाला.

चार दिवसांनी गौरीने कळवलं की क्लबमधल्या रोशनच्या मागे बसणाऱ्या माणसाला ताप आलाय. अक्षरा रोशनच्या मागे बसून जाईल. ईशानला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं.

मैसूरच्या रविवारी तो पहाटेपासून तीन सायकलींच्या मागून टेम्पो चालवत होता. मागे पाण्याचे कॅन, केळी, दोरी, हवा भरायचा पंप. समोर लांबवर अक्षराचं पिवळं जॅकेट दिसायचं, वळणावर नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. ती एकदाही ढेपाळली नाही. रामनगरच्या चढावर रोशन उभा राहून पेडल मारत होता, मागे ती बसल्या बसल्या मारत होती, आणि सायकल तिच्याच जोरावर चढत होती. सात महिने जो जोर त्याला मागून मिळत होता तो ईशान पहिल्यांदाच बघत होता.

मद्दूरला सगळे वडे खायला थांबले. अक्षरा काठीने अंदाज घेत टेम्पोपाशी आली.

"केळं आहे का?"

"आहे." त्याने सोलून दिलं. "रोशन कसा चालवतो?"

"छान. एक खड्डा चुकवत नाही. प्रत्येक खड्डा सांगतो." तिने केळं खाल्लं. "दुसरं काहीच सांगत नाही. ऐंशी किलोमीटर नुसते खड्डे. मद्दूरपर्यंत वाटेत एक माणूस नाही, झाड नाही, कुत्रासुद्धा नाही."

ईशानला हसू आलं, पण त्याने ते आवरलं.

"होता," तो म्हणाला. "चन्नपट्टणच्या अलीकडे एक आजोबा लाकडी घोडा डोक्यावर घेऊन चालले होते. घोड्याचं तोंड मागच्या बाजूला. तो सगळा वेळ मला बघत होता."

"रंग?"

"पिवळा. शेपूट लाल."

"आणि?"

"आणि एका घरापुढे सहा मांजरं ओळीत बसली होती. दूधवाला यायचा असेल."

"सहाच?"

"मोजली."

ती टेम्पोला टेकली.  घामाने कपाळावर केस चिकटले होते. हॉटेलातून तळणाचा आवाज येत होता.

"मी आठवडाभर विचार करत होते," ती म्हणाली. "मला राग आहे अजून. थोडा. पण तू खोटं बोललास ते कुणी पकडलं म्हणून कबूल केलं नाहीस. अण्णांनी चाक सरळ करून दिलंच होतं जवळजवळ. गप्प राहिला असतास तर तुझ्या हिशेबाने मैसूरही झालं असतं, कदाचित."

"कदाचित नसतं झालं."

"तेच म्हणतेय." तिने केळ्याचं साल त्याच्या हातात दिलं. मग तो हात सोडला नाही. "आणि ते आरशाचं. मला अंगठ्याएवढ्या काचेतून चोरून बघितलेलं आवडत नाही, ईशान. बघायचं असेल तर समोर उभं राहून बघ. मी काही कुठे पळत नाहीये."

ईशानच्या एका हातात साल होतं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तो तसाच उभा राहिला.

"बघतोयस?"

"हो."

"काय दिसतंय?"

"नाकावर धूळ आहे. हेल्मेटचा पट्टा पिळला गेलाय."

"आणि?"

"आणि... मला दुसरीकडे बघता येत नाहीये. फेब्रुवारीपासून."

"अय्यो," ती हळूच म्हणाली. तिचे कान पुन्हा लाल झाले, आणि या वेळी चेहराही हसला. "मग टेम्पो कोण चालवणार?"

"अक्षरा, मी सिरियसली बोलतोय."

"मीही. मला मैसूरला पोचायचंय." तिने त्याचं मनगट एकदा घट्ट दाबलं. "पोचल्यावर पुन्हा सांग. पूर्ण वाक्यात. च्यायला न म्हणता."

मैसूरला संध्याकाळी पाच वाजता ती सायकलीवरून उतरली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. त्याने पूर्ण वाक्यात सांगितलं. तिने ते दोनदा म्हणायला लावलं. पहिल्या वेळी म्हणे शेजारून बस गेली.

*

रिम सातव्या आठवड्यात आली. रविवारी सकाळी मालोजी अण्णांनी दुकान उघडलं, कडेला ठेवलेलं एक जुनं स्टूल पुसून आपल्यासमोर मांडलं आणि अक्षराला त्यावर बसवलं. चाक मध्ये ठेवलं. ती हबमधून तार ओवून पलीकडे द्यायची, अण्णा ती रिममध्ये बसवून आवळायचे. ईशानचं काम तारा मोजून देण्याचं आणि चहा आणण्याचं होतं.

अण्णा कामात फार बोलत नव्हते. एकदा मात्र म्हणाले, "तार हबमधून काढताना महानंदा असंच अंगठ्याने ढकलायची." अक्षराने विचारलं, कसं ते नीट दाखवा, आणि मग तशीच ढकलू लागली.

ईशान आणि अक्षरामुळे काम लांबलं. एकाचं मोजणं चुकायचं, दुसरी त्याला पुन्हा मोजायला लावायची, आणि अण्णा किल्ली धरून दोघांचं होईपर्यंत वाट बघायचे.

दुपारपर्यंत चोवीस तारा बसल्या. सोळा अजून राहिल्या आहेत.